शिक्का हवाच, पण त्याचे पैसे कोणी द्यायचे?

मंडळी, पोस्ट मोठी आहे. पण विषय तुमच्या-माझ्या घरातल्या प्लगपर्यंत येतो, म्हणून वेळ काढून वाचा.

गेल्या महिन्यात आपल्या बार्शीत एक शटर कायमचं खाली आलं. बातमी कुठेच आली नाही. मीही दिली नाही. भगवंत मंदिरापासून पाच मिनिटांवरच्या एका बोळात हे दुकान होतं, मागे छोटा कारखाना. नाव लिहीत नाही, त्यांनीच नको सांगितलंय. पण चाळिशीच्या पुढच्यांना 'स्टॅबिलायझरवाले काका' म्हटलं की कळेल.

नव्या पोरांसाठी थोडी पार्श्वभूमी. १९८२ च्या एशियाडच्या वेळी देशात रंगीत टीव्ही आला. पुढच्या चार-पाच वर्षांत आपल्यासारख्या गावांतही अँटेना दिसायला लागले. १९८७ ला रविवारी सकाळी 'रामायण' सुरू झालं आणि टीव्ही असलेल्या घरात पाय ठेवायला जागा उरेना. टीव्ही आला, पण वीज कशी होती? संध्याकाळी शेतातल्या मोटारी चालू झाल्या की घरात २३० च्या जागी १६०-१७० व्होल्ट. चित्र आक्रसायचं, कडेने काळी पट्टी यायची. मग टीव्हीखाली पाहिजेच पाहिजे स्टॅबिलायझर.

काकांनी आयटीआय केलेलं, रेडिओ दुरुस्तीचा हात बसलेला. पुण्याच्या तपकीर गल्लीतून तांब्याची तार, ट्रान्स्फॉर्मरच्या पट्ट्या, रिले आणायचे. तार गुंडाळायला दोन बायका, पेट्या रंगवायला एक पोरगा. राखाडी पत्र्याची पेटी, समोर मीटर, एक लाल दिवा, एक हिरवा. बार्शी, वैराग, भूम, परांडा, करमाळा, सगळीकडे त्यांच्या पेट्या गेल्या. पुढे २००५ च्या सुमारास भारनियमनाने जीव नकोसा केला तेव्हा काका इन्व्हर्टर बनवायला लागले. त्या काळात त्यांच्याकडे नऊ माणसं होती. इन्व्हर्टर बिघडला तर काका स्वतः पिशवी घेऊन घरी यायचे. मोठ्या कंपनीच्या कस्टमर केअरचा नंबर फिरवत बसायची वेळ कधी आली नाही.

आणि मग २०१४ साल उजाडलं. त्याच्याकडे येतोच. पण त्याआधी दुसरी बाजू सांगतो. ती सांगितली नाही तर मी खोटारडा ठरेन.

पत्रकारितेचा डिप्लोमा करून मी नुकताच कामाला लागलो होतो. डिसेंबरातली गोष्ट. शेजारच्या एका गावातून फोन आला, शॉक लागून बाई गेली. पोरीची सकाळची शाळा, म्हणून तिने अंघोळीच्या पाण्यासाठी लोखंडी बादलीत रॉड टाकला होता. पाणी किती तापलंय ते बघायला बटण बंद न करता बादलीत हात घातला. मी पोहोचलो तेव्हा तो रॉड अंगणातच पडलेला होता. दोन पिनांचा प्लग, अर्थिंगची तारच नाही. रॉडवर कुठल्याच कंपनीचं नाव नव्हतं. बाजारातून आणलेला. पोलिसांत अकस्मात मृत्यूची नोंद झाली. मी नऊ ओळींची बातमी दिली, 'शॉक लागून महिलेचा मृत्यू'.

रॉड कोणी बनवला होता, हे मी विचारलंच नाही. पोलिसांनीही नाही. आज वीस वर्षांनी ते मनाला लागतं.

म्हणून 'हे नियम म्हणजे नुसती सरकारी कटकट' असं कोणी म्हणालं की मला ती बादली आठवते. नियम उगीच झालेले नाहीत. त्यातली ओळ न् ओळ कुणाच्या तरी जळालेल्या हातातून आलेली आहे. चाचण्यांमध्ये बघतात काय? आतली वीज बाहेरच्या पत्र्यावर किती गळते. हातात धरायच्या, अर्थिंग असलेल्या उपकरणात ही गळती ०.७५ मिलिअँपिअरच्या वर नको. आतली तार आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये हजार व्होल्ट आणि त्याहून जास्त दाब देऊन बघतात, मधलं आवरण फुटतंय का. तापलेली तार प्लॅस्टिकला टेकवतात, ते पेट घेतंय का बघतात. अर्थिंगची तार ओढून बघतात, सुटतेय का. यातलं काय नको म्हणणार? मला तरी एकही सापडत नाही.

चाचणी हवी यावर वाद नाहीच. माझा प्रश्न आहे तो चाचणीच्या खर्चाचा. वस्तू सुरक्षित आहे हे सिद्ध करायचे पैसे कोणी द्यायचे? इतिहास चाळला तेव्हा लक्षात आलं की याचं उत्तर वेगवेगळ्या ठिकाणी वेगवेगळं दिलं गेलंय. आपण दिलेलं उत्तर त्यातलं एक आहे.

सुरुवात शिकागोपासून करू. १८९३ साली तिथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. लाखो विजेचे दिवे. वीज नवी, तारा कशाही टाकलेल्या, इमारती लाकूड-प्लॅस्टरच्या. सगळ्यात जास्त कोण घाबरलं असेल? आगीचा विमा उतरवलेल्या कंपन्या! आग लागली तर पैसे त्यांनाच भरायचे होते. त्यांनी विल्यम मेरिल नावाच्या तरुण विद्युत अभियंत्याला तपासणीसाठी आणलं. पुढच्या वर्षी, १८९४ ला, विमा कंपन्यांच्या पाठबळावर मेरिलने साडेतीनशे डॉलरची उपकरणं घेऊन चाचणीची खोली उघडली. अमेरिकेतल्या वस्तूंवर आज गोलात 'यूएल' लिहिलेलं दिसतं ना, ती हीच संस्था, अंडररायटर्स लॅबोरेटरीज. अंडररायटर म्हणजे विमा उतरवणारा. पुढे ते फी कारखानदारांकडूनच घ्यायला लागले हे खरं, पण सुरुवातीचा खर्च ज्याचं नुकसान होणार होतं त्याने उचलला.

युरोपने दुसरा रस्ता धरला. १९७३ साली तिथे विजेच्या वस्तूंसाठी एक समान नियम झाला. साधारण ५० ते १००० व्होल्टवर चालणाऱ्या वस्तू त्यात आल्या. बनवणाऱ्याने स्वतः जबाबदारी घ्यायची, कागदपत्रं तयार ठेवायची, वस्तू सुरक्षित आहे अशी सही करायची. बहुतेक घरगुती वस्तूंना आधी सरकारी परवानगी लागत नाही. पण खोटी सही सापडली तर माल बाजारातून उचलतात आणि बनवणाऱ्याला धरतात. म्हणजे सरकार आपला खर्च बाजारातल्या तपासणीवर करतं. त्यातही लबाडी होते, नाही असं नाही. पण प्रामाणिक छोट्या माणसाला दारातच अडवलं जात नाही.

आता आपल्याकडे या. स्वातंत्र्याच्या सात महिने आधी, ६ जानेवारी १९४७ ला इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, म्हणजे आपली आयएसआय, सुरू झाली. लालचंद वर्मन तिचे पहिले प्रमुख. तुम्हाला माहीत आहे का, भारताचं पहिलं मानक कशाचं आहे? आपल्या तिरंग्याचं! आयएस-१, साल १९५१. कापड कसलं, रंग कोणता, मापं किती, सगळं त्यात ठरवलेलं. १९५२ ला शिक्क्याचा कायदा झाला, १९५५ पासून वस्तूंवर आयएसआयचा शिक्का द्यायला सुरुवात झाली. १९८७ मध्ये या संस्थेचं भारतीय मानक ब्युरो झालं, बीआयएस. लोक मात्र अजून आयएसआयच म्हणतात.

सुरुवातीला हा शिक्का ऐच्छिक होता. पाहिजे त्याने घ्यावा. विजेच्या घरगुती वस्तूंवर सक्तीचा आदेश आला १९८१ ला. मग २००३ ला तारा, स्विच, इस्त्री, गिझर, शेगडी, पाण्याचा रॉड यांच्यावर नवा आदेश आला. शिक्क्याशिवाय बनवायचंही नाही आणि विकायचंही नाही.

आता माझ्या त्या नऊ ओळींच्या बातमीकडे परत या. ती घटना या आदेशानंतरची आहे! म्हणजे बिनशिक्क्याचा रॉड विकणं तेव्हाच गुन्हा होतं. तरी तो बाजारात मिळत होता. अजूनही मिळतो, आठवडी बाजारात जाऊन बघा. नियम पोहोचला तो पाटी लावून, बिलं फाडून, विक्रीकर भरून धंदा करणाऱ्यापर्यंत. ज्याच्या दारावर पाटी, त्याच्याच दारात साहेब. ज्याला नाव नाही, पत्ता नाही, त्याला शोधायला कोण जाणार?

काकांच्या वस्तू बरीच वर्षं या सक्तीबाहेर होत्या. टीव्ही, संगणक, इन्व्हर्टर, चार्जर या इलेक्ट्रॉनिक मालावर नियम आला तो २०१२ मध्ये. तोही कारणाशिवाय नाही. बाहेरून स्वस्त, निकृष्ट माल धो धो येत होता आणि बघणारं कोणी नव्हतं. ऑक्टोबर २०१२ च्या आदेशात १५ प्रकारच्या वस्तू होत्या. लॅपटॉप, मोठे टीव्ही, प्रिंटर, मायक्रोवेव्ह वगैरे. आपल्या गल्लीशी त्याचा फारसा संबंध नव्हता. नोव्हेंबर २०१४ मध्ये आणखी १५ प्रकार आले आणि त्यात आपली गल्ली अख्खी सापडली. ५ केव्हीएपर्यंतचे यूपीएस आणि इन्व्हर्टर, अडॅप्टर, एलईडी बल्ब, एलईडीचे ड्रायव्हर, पॉवर बँक. अंमलबजावणीच्या तारखा पुढे-मागे झाल्या, पण २०१४ नंतर वारं फिरलं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट घडली. १९६७ पासून सरकारने काही वस्तू फक्त लघुउद्योगांसाठी राखून ठेवल्या होत्या. सुरुवातीला ४७, वाढत वाढत आठशेच्या वर गेल्या. मग यादी कमी होत गेली आणि एप्रिल २०१५ मध्ये लोणची, मेणबत्त्या, फटाके अशा शेवटच्या २० वस्तूही मोकळ्या झाल्या. ते राखीव कुरण चांगलंच होतं असं मी म्हणत नाही. त्याच्या आडोशाला बराच भंगार मालही पोसला गेला. पण वेळ बघा. छोट्याच्या डोक्यावरचं छप्पर काढायचं आणि त्याला मोठ्यांच्याच परीक्षेला बसवायचं, ही दोन्ही कामं सहा महिन्यांच्या आत झाली.

या २०१२-१४ च्या योजनेला नाव आहे स्वयंघोषणेचं. ऐकायला युरोपसारखं वाटतं ना? पण इथे नुसती सही चालत नाही. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत वस्तू तपासून घ्यायची, अहवाल घ्यायचा, बीआयएसकडे नोंदणी करायची, 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळाला की तो वस्तूवर छापायचा. आणि हे सगळं बनवणाऱ्याच्या खर्चाने. प्रयोगशाळा मोठ्या शहरांत. बार्शीहून पुणं दोनशे किलोमीटरच्या वर, मुंबई त्याच्याही पुढे.

एक साधं गणित मांडतो. आकडे समजण्यापुरते धरा. समजा एका मॉडेलची चाचणी, फोडले जाणारे नमुने, फेऱ्या, कागदपत्रं मिळून १ लाख रुपये लागले. वर्षाला २ लाख नग काढणाऱ्या कंपनीला नगामागे पडले ५० पैसे. वर्षाला २०० नग काढणाऱ्या काकांना पडले ५०० रुपये. चाचणी तीच, यंत्र तेच, अहवाल तोच. फरक हजार पटींचा. हे टोलनाक्यासारखं आहे, ट्रक भरून माल नेणाऱ्यालाही तेवढाच टोल आणि सायकलवर एक पेटी नेणाऱ्यालाही तेवढाच.

पण काकांशी बसून बोललो तेव्हा कळलं की पैशापेक्षा मोठी अडचण वेगळीच होती. पैसे त्यांनी उभे केलेही असते.

अडचण अशी. चाचणी होते त्या वस्तूची आणि अहवालात तिच्या आतल्या सुरक्षेच्या भागांची यादी लिहिलेली असते. फ्यूज कुठल्या कंपनीचा, ट्रान्स्फॉर्मरचं आवरण कुठलं, स्विच कुठला, वायर कुठली. पुढचा प्रत्येक नग त्याच भागांचा हवा. एखादा महत्त्वाचा भाग बदलला की पुन्हा कळवा, गरज असेल तर पुन्हा तपासा. तत्त्व एकदम बरोबर आहे. तपासायला एक पाठवायचा आणि विकायचा दुसरा, असं कसं चालेल?

पण काका माल कसा घ्यायचे? पुण्याला तपकीर गल्लीत नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला जायचं आणि त्या दिवशी जे मिळेल ते आणायचं. या महिन्यात या कंपनीचा रिले, पुढच्या महिन्यात तो संपलेला, दुकानदार म्हणतो हा घ्या, चालतो. मोठी कंपनी लाखभर रिलेंची ऑर्डर देते, तिला वर्षभर तोच मिळतो. वीस-पंचवीस घेणाऱ्याला कोण विचारतं? सारख्या डिझाइनची मॉडेलं एका अहवालात बसवायची सोय नियमात आहे. पण काकांची तीन मॉडेलं तीन वेगळ्या वेळी, मिळेल त्या सामानातून घडलेली. ती एका साच्यात बसणार कशी?

काका म्हणाले, "अरे, माझी वस्तू वाईट नव्हती. पण दरवेळी सारखी नव्हती."

या एका वाक्यात सगळं आलं. आणि खरं सांगू का, इथे मी काकांच्या बाजूने पूर्ण उभा राहू शकत नाही. मी त्यांना विचारलं, तुमच्या पेट्या हजार व्होल्टला कधी तपासल्या होत्या का? काका जरा वेळ गप्प बसले. म्हणाले, "मेगर लावून बघायचो. आणि मग स्वतः हात लावून." हात लावून! हसू पण आलं आणि काटा पण आला. तीस वर्षांत त्यांच्या पेटीने कुणाला दगा दिला नाही, निदान माझ्या कानावर तरी नाही. पण दगा दिला नाही आणि सुरक्षित असल्याचं सिद्ध झालं, यात अंतर आहे. त्या अंतरात कधीतरी एखादी बादली येते.

मग काकांपुढे रस्ते किती होते? एक, खर्च करून नोंदणी करा, ते गणित वर मांडलंच आहे. दोन, बिनबिलाचा, बिनशिक्क्याचा माल गुपचूप विका. आपल्या जिल्ह्यात हा रस्ता धरणारे कमी नाहीत. तीन, खोटा शिक्का छापा. २०१६ च्या बीआयएस कायद्यात त्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा पहिल्याच गुन्ह्याला किमान २ लाख रुपये दंड सांगितलाय, तरीही स्टिकर बाजारात मिळतात. आणि चार, बनवणं सोडा, दुसऱ्याचा नोंदणी असलेला माल आणून विका.

काकांनी चौथा धरला. २०१६ पासून ते एका मोठ्या ब्रँडचे इन्व्हर्टर विकत होते. माणसं नऊवरून दोनवर आली. तार गुंडाळणाऱ्या बायका आता कापडाच्या दुकानात आहेत. आणि ऑनलाइन विक्रीने दुकानदाराचं मार्जिनही खाल्लं, तेव्हा गेल्या महिन्यात शटर खाली ओढलं.

सगळं खापर नियमांवर फोडू नका, तेही चुकीचं होईल. भारनियमन कमी झालं तशी इन्व्हर्टरची मागणी घटली. एलईडी बल्बचा नाद काकांनी करून पाहिला होता, पण २०१४ च्या सुरुवातीला सरकारी खरेदीत ३१० रुपयांना पडणारा बल्ब दोन-अडीच वर्षांत चाळिशीच्या आत आला. त्या भावात गल्लीत बल्ब कोण बनवणार? शिक्का नसता तरी ते जमलं नसतं. पण या रेट्यात जे थोडेफार टिकले असते, दुरुस्ती जाणणारे, गिऱ्हाईक ओळखणारे, त्यांना शेवटचा धक्का या खर्चाने दिला.

आता कोणी म्हणेल, मग उपाय काय? शिक्काच काढून टाकायचा? अजिबात नाही. उपाय शोधायला परदेशात जायची गरज नाही, तो आपल्या सोलापुरात एकदा सापडलेला आहे.

बोरवरचा हापसा आठवतो? पोलादी डोकं, लांब दांडा, आत साखळी. त्याचं नाव इंडिया मार्क-२. १९७२ च्या दुष्काळाच्या सुमारास गावोगाव बोर मारले गेले, पण त्यावरचे ओतीव लोखंडाचे हापसे सारखे मोडायचे. त्यातल्या त्यात टिकाऊ निघाला तो सोलापूर पंप, आपल्याच जिल्ह्यात घडलेला. सत्तरच्या दशकात भारत सरकार आणि युनिसेफने तो पाया धरून नवा हापसा तयार केला. १९७९ ला त्याचं मानक निघालं, आयएस ९३०१.

इथे नीट लक्ष द्या. त्या हापशावर कुणाचा पेटंटचा हक्क ठेवला नाही. नकाशे, मापं, पोलाद कुठलं, सगळं उघडं. ज्याला बनवायचा त्याने बनवावा. देशभरातल्या छोट्या-मध्यम कारखान्यांनी तो बनवला. मग दर्जाचं काय? कारखाना लायक आहे का आणि माल बरोबर आहे का, हे तपासायची व्यवस्था युनिसेफने त्रयस्थ तपासनीस लावून करून दिली. म्हणजे डिझाइन एकदाच सिद्ध केलं आणि ते सगळ्यांचं झालं. प्रत्येक कारखान्याला शून्यातून स्वतःचा हापसा शोधून, सिद्ध करून दाखवायला लागलं नाही. नियम कडक होता, तरी छोटा मेला नाही. असे लाखो हापसे बसले, परदेशांतही गेले.

हेच इलेक्ट्रॉनिक मालाला का लावता येऊ नये? एक ६००-८०० व्हीएचा इन्व्हर्टर, एक स्टॅबिलायझर, एक एलईडी ड्रायव्हर, एवढी चार-पाच डिझाइन सरकारी खर्चाने तयार करा, तपासा आणि खुली करा. सुट्या भागांची यादी ठरवा. जिल्ह्यातले दहा-वीस जण मिळून ते भाग एकत्र घेतील, म्हणजे दरवेळी तोच रिले मिळेल. मग काकांसारख्याला सिद्ध करायचं उरेल ते एवढंच, की मी ठरलेल्या डिझाइनप्रमाणे बनवलंय. त्यासाठी लागणारं गळती करंट, हजार-तीन हजार व्होल्ट आणि अर्थिंगचं टेस्टर सोलापूरच्या शासकीय तंत्रनिकेतनात बसवता येईल. लघुउद्योगांच्या समूहांना सामायिक सुविधा केंद्र उभारायला केंद्राची योजना आहे, राज्याचीही आहे. आपल्याकडून कधी कोणी मागणी केली का? आपल्या उद्योजक संघटनेच्या पदाधिकाऱ्यांनी याचं उत्तर द्यावं.

घाई का करतोय तेही सांगतो. २०२४ मध्ये नवा आदेश निघाला. २५० व्होल्टपर्यंतच्या जवळजवळ सगळ्याच घरगुती विजेच्या उपकरणांना त्यात सक्ती ठरवली गेली. मिक्सरच्या गल्लीतले, कूलर जुळवणारे, पिठाची घरगुती चक्की बनवणारे, सगळे यात येऊ शकतात. तारखा पुढे ढकलल्या गेल्यात, लघुउद्योगांना तीन आणि सूक्ष्म उद्योगांना सहा महिने जास्तीचे दिलेत, सूक्ष्म उद्योगांना मार्किंग फीत ८० टक्के सूट आहे. चांगलं आहे, त्याचं श्रेय द्यायलाच हवं. पण सहा महिन्यांनी २०० नगांचे २ लाख नग होत नाहीत. प्रयोगशाळेचं बिल, फोडायचे नमुने आणि फेऱ्या याचं गणित मुदतवाढीने सुटत नाही. आपल्या तालुक्यात कूलर बनवणारे किती आहेत ते तुम्हीच मोजा. 

शेवटी वाचणाऱ्या प्रत्येकासाठी. आज घरी जाऊन पाण्याचा रॉड बघा. दोन पिनांचा असेल, नाव नसेल, तर फेकून द्या, भंगारवाल्यालाही देऊ नका, तो परत बाजारात येतो. आयएसआय शिक्क्याखाली परवाना क्रमांक असतो, 'सीएम/एल' ने सुरू होणारा. इलेक्ट्रॉनिक वस्तूवर 'आर' क्रमांक असतो. 'बीआयएस केअर' नावाचं ॲप फुकट आहे, त्यात क्रमांक टाका, खरा की खोटा कळतो. आणि जमलं तर मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. रॉड चालू असताना बादलीत हात घालायचा नाही, हे पोरांनाही शिकवा.

काकांकडे गेलो तेव्हा ते तार गुंडाळायचं हाताचं यंत्र पुसत बसले होते. विकणार का विचारलं. म्हणाले, "घेणार कोण? कुणाला शिकायचं असेल तर फुकट देतो, शिकवतो पण." हे खरंच सांगितलंय त्यांनी. आयटीआयची पोरं वाचत असतील तर मला मेसेज करा, पत्ता देतो.

आणि ज्यांच्या घरात अजून ती लाल-हिरव्या दिव्याची राखाडी पेटी असेल त्यांनी फोटो टाका. पण टाकण्याआधी कुठल्यातरी वायरमनकडून तिचं अर्थिंग तपासून घ्या. काकांनीच सांगायला सांगितलंय.